वेळ कोणाचा मोजायचा?

सात-आठ तासांचा सिनेमा एका बैठकीत पाहिल्याचे हल्ली पदकासारखे मिरवले जाते. कोणी बेला तारचा ‘सातानतांगो’ संपवल्याचे जाहीर करतो, कोणी तोच दीडपट वेगाने पाहून वेळ वाचवल्याचे सांगतो. मग त्याच तोऱ्यात हिंगोली-परभणीच्या पोरांना असला सिनेमा झेपणार नाही, त्यांच्यात तेवढा संयम नाही, असा निकालही दिला जातो. हे तिन्ही बोल एकाच समजुतीतून येतात: लांबी म्हणजे प्रेक्षकाच्या सहनशक्तीची परीक्षा. ही समजूत मला चुकीची वाटते, आणि अन्यायाचीही.

रात्रभर चालणारी कला आपल्याला नवी नाही. नामदेवांच्या नर्सीत कीर्तनाला घड्याळ लावून कोणी बसत नाही. हिंगोलीत दसऱ्याच्या दिवसांत रामलीला रात्रीमागून रात्री रंगते. संगीत नाटकेही एके काळी उजाडेपर्यंत चालत. पुढे १९३३च्या ‘आंधळ्यांची शाळा’ने मराठी नाटक आटोपशीर केले, बोलपटाने तीन तासांचा खेळ पक्का केला, आणि कलेला एक ठरलेले माप मिळाले. इथवर वाद नाही.

वाद आहे तो १९६३-६४मध्ये न्यूयॉर्कला जे घडले त्याबद्दल. सप्टेंबर १९६३मध्ये जॉन केजने एरिक सातीची एक छोटीशी रचना पियानोवादकांकडून आळीपाळीने ८४० वेळा वाजवून घेतली; अठरा तासांहून अधिक वेळ ती चालली. पुढच्या जुलैत अँडी वॉरहॉलने एम्पायर स्टेट इमारतीसमोर कॅमेरा लावला आणि रात्रभर तो हलवलाच नाही. कॅमेऱ्यामागे जोनास मेकस होता. चित्रण सुमारे साडेसहा तासांचे. पडद्यावर ते मुद्दाम संथ गतीने दाखवायचे, म्हणून ‘एम्पायर’ ८ तास ५ मिनिटांचा झाला.

कलावंताने प्रेक्षकाकडे पाठ फिरवली ती इथे, असे सर्रास लिहिले जाते. मला नेमके उलटे दिसते. केजच्या कार्यक्रमाचे तिकीट ५ डॉलरचे होते. येण्याजाण्याची वेळ कार्डावर नोंदवली जाई आणि थांबलेल्या दर २० मिनिटांमागे ५ सेंट परत मिळत. किती थांबायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे. मध्येच उठणे हा अपराध नव्हता. ‘एम्पायर’मध्ये तर चुकण्यासारखे काही घडतच नाही. दिवे लागतात, दिवे विझतात. बाहेर जा, बोला, परत या. इमारत तिथेच असते. तीन तासांच्या खेळाने खुर्चीला बांधलेला प्रेक्षक या कलावंतांनी मोकळा केला.

हे ऐकून आपल्यातला कोणी म्हणेल, आमच्या रामलीलेत हे होतेच की! तेही पुरते खरे नाही. रामलीलेत पेंगलेला माणूस निर्धास्त असतो, कारण पुढे काय होणार ते त्याला ठाऊक असते. ‘एम्पायर’समोरचा माणूस निर्धास्त असतो तो पुढे काहीच होणार नसते म्हणून. एकाला कथेचा आधार आहे, दुसऱ्यापुढे निव्वळ वेळ आहे. वेळ असा कथेपासून सुटा झाला, ही त्या दोन वर्षांची खरी कमाई. मात्र इमारतीला वेळ देऊन झाल्यावर एक प्रश्न उरतोच: आता हा वेळ द्यायचा कोणाला?

याचे उत्तर १९७५मध्ये शांताल अकरमनने दिले. ‘जान दीलमन’मधली विधवा बटाटे सोलते, अंथरूण आवरते, भांडी घासते, आणि कॅमेरा ते काम पुरे होईपर्यंत थांबतो. घरकामाला कोणी मोजत नव्हते. अकरमनने त्याला ३ तास २१ मिनिटांच्या सिनेमाचा गाभा केले. दहा वर्षांनी क्लोद लांझमानने ‘शोआ’मध्ये छळछावण्यांतून वाचलेल्यांच्या बोलण्याला, आणि त्यांच्या गप्प होण्यालाही, साडेनऊ तास दिले. १९९४मध्ये, ‘सातानतांगो’ आला त्याच वर्षी, चंद्रकांत कुलकर्णींनी महेश एलकुंचवारांची वाडा नाट्यत्रयी सलग उभी केली. वाडा एका अंकात पडत नाही, पिढ्यांमधून झिजतो. ती झीज अंगावर येण्यासाठी प्रेक्षकाचा अख्खा दिवस लागला. आणि आनंद पटवर्धनांनी १९९७च्या रमाबाईनगर गोळीबारापासून १४ वर्षे चित्रण करून ‘जय भीम कॉम्रेड’ केला. तीन तासांहून लांब असलेला हा माहितीपट जानेवारी २०१२मध्ये भायखळ्याच्या बीआयटी चाळीत लोकांसमोर दाखवला गेला. विलास घोगरेंसारख्या शाहिराचे गाणे बातमीत दोन ओळींवर कापले जाते. या माहितीपटात शाहिरांना गाणे पुरे करण्याइतकी जागा मिळाली.

म्हणून लांबीचा हिशेब प्रेक्षकाच्या संयमावरून मांडू नये. पडद्यावर कोणाच्या आयुष्याला वेळ मिळाला, हे पाहावे. या कसोटीवर कित्येक लांब सिनेमे नापास होतील. नुसता संथ कॅमेरा म्हणजे आस्था नव्हे. दीडपट वेगही याच कसोटीवर चुकतो, कारण तो दुसऱ्याच्या वाट्याचा वेळ कापतो.

हिंगोलीत हे बोलायला माझ्याजवळ सबळ कारण आहे. इथली हळद मृगाच्या आसपास लावली जाते आणि नऊ महिन्यांनी निघते. मग ती शिजवायची, पंधरवडाभर वाळवायची, ड्रममध्ये पॉलिश करायची. खणणाऱ्या, वेचणाऱ्या बायांची पाठ दिवसभर वाकलेली असते. बातमीत यातला फक्त मोंढ्यातला भाव येतो. लावणीपासून मोंढ्यापर्यंतचे हे काम कोणीतरी इथल्याच पोराने, घाई न करता, सहा तासांच्या सिनेमात दाखवावे आणि वसमतच्या चौकात पडदा लावावा. लोक येतील, उठतील, चहा पिऊन परत येतील. त्यांच्यात संयम आहे का, हे विचारायची गरज पडणार नाही. वर्षाचे नऊ महिने जे हळदीसोबत काढतात, त्यांच्यासाठी सहा तास थांबायची तयारी सिनेमाची आहे का, एवढेच विचारावे लागेल.