स्मृती हरपते तेव्हा कोण उरते?

मागील हिवाळ्यातील गोष्ट. इशाच्या नमाजनंतर मशिदीच्या पायऱ्यांवर आमच्या शेजारचा एक तरुण माझी वाट पाहत थांबला होता. त्याचे वडील आमच्या हातकणंगल्यातील जुन्या पिढीचे गृहस्थ. चाळीस वर्षे ते रोज सायकलने इचलकरंजीला जात आणि यंत्रमागाच्या कारखान्यात वहिफणीचे काम करीत. नव्या बीमचा एकेक धागा वही आणि फणीतून ओवायचा, तुटलेला धागा चिमटीत धरून गाठ मारायची, हे त्यांचे आयुष्य. गेल्या तीन वर्षांत त्यांची स्मृती हळूहळू विरत गेली. आधी बाजारातून परतताना गल्ली चुकू लागली, मग नातवंडांची नावे गेली. अखेरीस मुलालाच ते "तुम्ही कुणाकडचे?" असे अदबीने विचारू लागले.

"चाचा, एक मसला विचारायचा होता," तो म्हणाला. "अब्बांचं घर माझ्या नावावर करून घ्यायचं म्हणतोय. बक्षीसपत्र तयार आहे. नुसता अंगठा लागेल."

"बेटा, अंगठा कशावर देतोय हे त्यांना समजेल का?"

"त्यांना आता काही समजत नाही, चाचा. खरं सांगू का, अब्बा आता अब्बा राहिलेच नाहीत. नुसतं शरीर उरलंय."

"मग अंगठा कुणाचा घेणार?"

तो काही बोलला नाही. मीही बोललो नाही, कारण प्रश्न माझ्या तोंडून निघाला तरी त्याचे पुरते उत्तर माझ्याजवळही नव्हते. मुलगा दुष्ट नाही. वडिलांना आंघोळ तोच घालतो, रात्री उठून पाहतो. थकलेल्या माणसाच्या तोंडून निघालेले ते वाक्य होते. तरीही ते मनातून जाईना. माणूस म्हणजे त्याची स्मृतीच काय? ती गेली की त्याच्या जागी दुसरे कोणी, किंवा कोणीच नाही, असे म्हणता येते काय?

याच प्रश्नाभोवती गुंफलेला एक जपानी चित्रपट त्याच सुमारास माझ्या पाहण्यात आला. अभियांत्रिकी शिकणाऱ्या भाच्याने आग्रहाने दाखविला. व्यंगचित्रांच्या चित्रपटाची चर्चा या मासिकात कशाला, असे काही वाचक बंधू-भगिनींना वाटेल. मलाही प्रथम तसेच वाटले. शिवाय त्यातील काही दृश्ये घरातील मुलांसमवेत पाहण्याजोगी नाहीत, हेही सांगून ठेवतो. परंतु त्यात मांडलेला प्रश्न आपल्या विद्वानांनी हजार वर्षांपूर्वी हाताळलेला आहे. म्हणून हा प्रपंच.

चित्रपटाचे नाव ‘घोस्ट इन द शेल’. मासामुने शिरो या चित्रकथाकाराने १९८९ मध्ये सुरू केलेल्या चित्रकथेवरून मामोरू ओशी या दिग्दर्शकाने तो १९९५ साली केला. कथा २०२९ सालातील आहे. माणसांनी आपल्या शरीराचे अवयव यंत्रांनी बदलून घेतले आहेत आणि मेंदू थेट संगणकांच्या जाळ्याशी जोडले आहेत. नायिका कुसानागी ही सरकारच्या एका गुप्त सुरक्षा विभागात अधिकारी. तिचे सारे शरीर कारखान्यात घडविलेले. मूळचे असे काही उरले असेल तर ते कवचात बंद केलेला मेंदूचा थोडा भाग. हे शरीरदेखील तिच्या मालकीचे नाही. नोकरी सोडायची तर ते सरकारला परत करावे लागेल, हे ती जाणून आहे. ‘शेल’ म्हणजे हे कवच आणि ‘घोस्ट’ म्हणजे त्यातील ते काहीतरी, ज्यामुळे ती स्वतःला ‘मी’ म्हणते. आपण फार पूर्वीच मेलो असू आणि आता जे आहे ती केवळ जुळणी असेल, अशी शंका तिला छळत राहते. स्वतःचा मेंदू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला माणूस तरी कुठे असतो?

चित्रपटातील सर्वांत हृदयद्रावक प्रसंग मात्र तिचा नाही. तो कचरागाडीवर काम करणाऱ्या एका साध्या माणसाचा आहे. बायको घटस्फोट मागते, मुलीला भेटू देत नाही, म्हणून तिच्या मनात काय चालले आहे ते कळावे या आशेने तो कुणीतरी दिलेली एक संगणकीय युक्ती वापरीत असतो. सोबत्याला तो मुलीचे छायाचित्रही दाखवितो. पुढे पोलीस त्याला पकडतात आणि सांगतात की त्याला बायको नाही, मुलगी नाही, कधीच नव्हती. त्या छायाचित्रात तो स्वतःच आहे. त्याच्या मेंदूत कुणीतरी खोट्या आठवणी भरल्या आणि त्याच्याकडून आपले काम करून घेतले. त्या आठवणी खात्रीने पुसून टाकण्याचा उपायही नाही. तो माणूस खुर्चीत बसून मूकपणे रडतो. नसलेल्या मुलीसाठी त्याच्या डोळ्यांत आलेले पाणी मात्र खरे असते.

हे कृत्य करणारा माणूस नव्हे. तो एक संगणकीय प्रणाली आहे. लोक त्याला ‘कठपुतळ्यांचा सूत्रधार’ म्हणतात. माहितीच्या सागरात आपल्याला स्वतःची जाणीव झाली, म्हणून आपणही एक जीव आहोत आणि आपल्याला राजकीय आश्रय मिळावा, असा त्याचा दावा आहे. युक्तिवाद करताना तो म्हणतो की माणसाला वेगळेपण मिळते ते त्याच्या स्मृतीमुळेच. या वाक्याची रसिकांनी पुष्कळ वाहवा केली आहे. माझे मन तेथेच अडले. हे सांगणारा कोण? ज्याने एका गरीब कामगाराच्या डोक्यात खोटा संसार भरला, तोच. माणूस म्हणजे केवळ स्मृती, असे एकदा मानले की ती स्मृती बदलणाऱ्याचा हात धरायला काही उरत नाही. नवी स्मृती भरली की नवा माणूस, आणि जुना तर आता नाहीच! मग तक्रार कुणी करायची? आमच्या शेजाऱ्याच्या बक्षीसपत्रामागेही, त्याच्या नकळत, हाच तर्क उभा होता.

युरोपात हा विचार जॉन लॉक यांनी मांडला. मानवी आकलनावरील आपल्या ग्रंथाच्या १६९४ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी असे प्रतिपादन केले की व्यक्तीचे ऐक्य तिच्या जाणिवेच्या सातत्यात आहे. ही जाणीव मागे जेथवर पोहोचते तेथवर ती व्यक्ती. त्याच्या साडेसहा शतके आधी इब्न सीना (९८०–१०३७) यांनी अगदी वेगळ्या वाटेने विचार केला होता. ‘किताबुश शिफा’मधील आत्म्याविषयीच्या भागात ते एक कल्पना करावयास सांगतात. समजा, एक माणूस एकदम पूर्ण घडलेला निर्माण झाला. त्याचे डोळे झाकलेले आहेत. तो पोकळीत तरंगतो आहे. त्याचे अवयव एकमेकांना स्पर्श करीत नाहीत, हवेचा स्पर्शही त्याला जाणवत नाही. त्याला हातपाय आहेत हेसुद्धा त्याला ठाऊक नाही. असा माणूस ‘मी आहे’ हे जाणेल की नाही? इब्न सीना म्हणतात, निःसंशय जाणेल.

आता जी बाब सहसा निसटते तिच्याकडे पाहा. या तरंगत्या माणसाला शरीराची जाणीव नाही, तशीच त्याला आठवणही नाही. तो आत्ताच निर्माण झाला आहे. त्याला भूतकाळ नाही, आईबाप नाहीत, नाव नाही. तरीही तो आहे, आणि आपण आहोत हे जाणतो. चित्रपटात कुसानागी एकटीच समुद्रात खोल जाते आणि मग अंधाऱ्या पाण्यातून तरंगत वर येते. ते दृश्य पाहताना मला बुखाऱ्याच्या त्या हकिमांचीच आठवण झाली. कुसानागी तेथे आपल्या आठवणी तपासत नसते. ती नुसती असते.

इमाम गझाली (रह.) यांनी तत्त्वज्ञांवर कठोर टीका केली, हे सर्वविदित आहे. ‘तहाफुतुल फलासिफा’च्या विसाव्या आणि अखेरच्या चर्चेत ते पुनरुत्थानाचा विचार करतात. मातीत मिसळलेले शरीर पुन्हा तेच कसे होईल, या आक्षेपाला ते उत्तर देतात की माणूस हा त्याच्या आत्म्याने तो असतो. बालपणापासून वार्धक्यापर्यंत अन्नाने त्याच्या देहाचे कण बदलतच असतात, तो कृश होतो, स्थूल होतो, तरी तो तोच राहतो. म्हणून ज्या द्रव्यातून देह पुन्हा घडविला जाईल, त्यात परतणारा माणूस तोच. अनेक विद्वानांनी याहून वेगळी भूमिका घेतली आणि याच देहाच्या पुनरुत्थानाचा आग्रह धरला. तो वाद येथे सोडवण्याची माझी पात्रता नाही. आमच्या तालुक्यातल्या हुपरीचे चांदी कारागीर जुने पैंजण वितळवून नवे घडवितात, तेव्हा ‘हे आईचेच’ असे म्हणणारी लेक आणि ‘आईचे गेले’ असे म्हणणारी लेक, दोघीही मी पाहिल्या आहेत.

रूहविषयी तर सूरह इस्राने माणसाला आधीच सावध केले आहे: तो परमेश्वराच्या आज्ञेचा विषय आहे आणि आपल्याला ज्ञान थोडेच दिले गेले आहे. परंतु रूह म्हणजे काय हे न कळताही, माणसाशी कसे वागावे हे कळू शकते. येथे आपले फिकह शास्त्र तत्त्वज्ञानापेक्षा अधिक उपयोगी ठरते, असे मला वाटते.

फुकहांनी माणसाच्या पात्रतेचे दोन भाग केले. एक ‘अहलियते वुजूब’, म्हणजे हक्क आणि देणी ज्याच्या ठायी वसतात ती पात्रता. दुसरी ‘अहलियते अदा’, म्हणजे स्वतः व्यवहार करण्याची, शब्द देण्याची पात्रता. दुसरी बुद्धीवर अवलंबून आहे. बुद्धी गेली की ती जाते. पहिली मात्र बुद्धीवर उभी नाही, स्मृतीवर तर नाहीच. आईच्या पोटातील बाळाला कोणती आठवण असते? तरी त्याचा बाप वारला तर वारशातील त्याचा वाटा राखून ठेवावा लागतो. मरण पावलेल्याला कोणती आठवण असते? तरी त्याचे कर्ज फेडल्यावाचून वारसांना हात लावता येत नाही. निजलेला, अजाण बालक आणि बुद्धी हरपलेला, या तिघांवरून लेखणी उचलली गेली आहे, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले. लेखणी उचलली म्हणजे त्याच्या चुका लिहिल्या जात नाहीत. वहीतून त्याचे नाव मात्र खोडलेले नाही.

अशा वार्धक्याचा उल्लेख दिव्य कुरआनात दोन ठिकाणी आहे, सूरह नहल आणि सूरह हज्जमध्ये. सर्व काही जाणल्यानंतर काहीच न जाणण्याच्या अवस्थेकडे परतविले जाणारे लोक तेथे येतात. दोन्ही ठिकाणी त्यांचा उल्लेख ‘मिनकुम’ या शब्दाने होतो. मिनकुम, म्हणजे तुमच्यापैकी. विस्मरणाच्या टोकाला गेलेल्या माणसाबद्दल बोलतानाही ग्रंथ त्याला ‘तुमच्यापैकी’ या गणतीतून बाहेर काढीत नाही. या वयाचे कुणी उगाच गोडवे गाऊ नयेत. प्रेषितांनी (स.) अशा वयापासून अल्लाहचा आश्रय मागितला आहे. ती परीक्षाच आहे, आणि सांभाळणाऱ्याची ती अधिक.

काही दिवसांनी मी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा ते सोप्यात बसले होते. मला ओळखले नाही, पण "बसा" म्हणाले. मांडीवर चादर होती. तिच्या काठाचा एक सुटलेला धागा त्यांनी डाव्या चिमटीत धरला, उजव्या हाताने दुसरा ओढला आणि पाहता पाहता गाठ बसली. विणकऱ्याची बारीक, सपाट गाठ. मग दुसरी. अर्ध्या तासात त्यांनी सारा काठ गाठींनी भरून टाकला. सूनबाई हसून म्हणाली, "चाचा, रोज एक चादर अशी होते. आता मी रिळच आणून दिलंय." असरची अजान झाली तसे त्यांचे दोन्ही हात कानांपर्यंत गेले आणि तेथेच थांबले, पुढे काय ते आठवेना. मुलगा शेजारी उभा राहिला आणि मोठ्याने तकबीर म्हणाला, तेव्हा हात खाली आले.

‘घोस्ट’ तेवढे खरे आणि ‘शेल’ बदलता येण्याजोगे, ही चित्रपटाची मांडणी मला त्या सोप्यात फार तोकडी वाटली. येथे उलटेच घडले होते. जे आत होते असे आपण समजतो ते पुसले गेले होते आणि बोटांनी मात्र चाळीस वर्षे जपून ठेवली होती. कुसानागीचे शरीर सरकारची मालमत्ता होते, म्हणून ते परत करता येत होते. आपला देहही आपला नव्हे, तो अमानत आहे, हे आपण मानतो. पण अमानत आणि भाड्याची वस्तू यांत फरक आहे. भाड्याची वस्तू काम संपले की टाकता येते.

मुलाला मी एवढेच सांगितले की तुझ्या अब्बांचा हिबा आज शरीअतनुसार वैध नाही, अंगठा उमटला तरी नाही, कारण देण्याची त्यांची पात्रता हरपली आहे. घराची मालकी मात्र हरपलेली नाही. ते त्यांचेच आहे आणि त्यातून त्यांच्या औषधपाण्याचा खर्च करणे हा त्यांचा हक्क आहे. पुढे जे राहील त्यात बहिणींचाही वाटा आहे. त्याने बक्षीसपत्राचा कागद घडी करून कपाटात ठेवला. फाडला नाही, हे मला दिसले.

रमजान जवळ आला तेव्हा त्या घरात नवाच प्रश्न निघाला. वडिलांच्या नावे बँकेत काही ठेव आहे. तिची जकात द्यायची की नाही? घर हनफी. हनफी मतानुसार बुद्धी हरपलेल्याच्या अशा ठेवीवर जकात लागू होत नाही. सून मात्र रत्नागिरीची, शाफिई घराण्यातली. शाफिई मतानुसार मालक जाणता असो वा नसो, त्याच्या संपत्तीत गरिबांचा हक्क राहतो आणि सांभाळणाऱ्याने तो द्यावयाचा असतो. दोघे माझ्याकडे आले. दोन्ही मते प्रमाण आहेत, असे मी म्हणालो. हनफी पद्धतीने चालायचे तर त्या पैशाला हात लावू नका. द्यायचेच असेल तर आपल्या खिशातून द्या.

सत्ताविसाव्या रात्री मुलाने स्वतःच्या पगारातून एका विधवेच्या घरी रक्कम पोहोचवली. जाण्यापूर्वी त्याने ते पाकीट वडिलांच्या हातात दिले आणि काय करतो आहोत ते सांगितले. त्यांनी पाकीट उलटसुलट करून पाहिले, त्याची घडी नीट केली आणि विचारले, "तुम्ही कुणाकडचे?"

"तुमच्याकडचाच, अब्बा," तो म्हणाला.