पोलीसप्रमुखांनी मांडलेला हिशेब

चोर रेल्वेत बसून दुसऱ्या राज्यात गेला की त्याला ओळखणारे कोणी उरत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या प्रत्येक शहराच्या पोलिसांना ही अडचण छळत होती. तिच्यावर उपाय शोधायला ओमाहाचे पोलीसप्रमुख वेबर सीव्ही यांनी १८९३ मध्ये शिकागोत बैठक बोलावली आणि ५१ प्रमुख जमले. आजच्या आंतरराष्ट्रीय पोलीसप्रमुख संघटनेचा हा आरंभ.

तिची पहिली मोठी कामगिरी नोंदींची होती. १८९७ मध्ये तिने गुन्हेगार ओळखण्याचे मध्यवर्ती कार्यालय उघडले. तिथे माणसाची ओळख त्याच्या हातापायांच्या, डोक्याच्या मापांवरून ठरे. पुढे १९०४च्या सेंट लुईस प्रदर्शनात स्कॉटलंड यार्डच्या जॉन फेरियर यांनी बोटांच्या ठशांचे तंत्र दाखवले आणि मापांची पद्धत मागे पडली. ते तंत्र ज्या वर्गीकरणावर उभे होते ते कोलकात्यात एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी घडवले होते. त्या दोघांचे नाव घेतल्याशिवाय हा इतिहास सांगू नये, असे मला वाटते.

पण संघटनेचा खरा ठसा उमटला तो गुन्ह्यांच्या मोजणीवर. १९२०च्या दशकात 'गुन्ह्यांची लाट आली' अशी ओरड वर्तमानपत्रे करत आणि प्रमुखांकडे उत्तराला आकडेच नसत. म्हणून संघटनेने समिती नेमली, १९२९ मध्ये व्याख्यांची पुस्तिका काढली आणि खून, बलात्कार, जबरी चोरी, गंभीर मारहाण, घरफोडी, चोरी व वाहनचोरी हे सात प्रकार निवडले. १९३० पासून आकडे गोळा करण्याचे काम पुढे एफबीआय झालेल्या केंद्रीय तपास खात्याने हाती घेतले.

या निवडीचे परिणाम फार दूरवर गेले. सातांत बँक बुडवणारा संचालक कुठेच बसत नव्हता. एकाच घटनेत अनेक गुन्हे घडले तर सर्वांत गंभीर तेवढा मोजायचा, असा नियम होता. बलात्काराची व्याख्या तर स्त्रीवर, बळजबरीने, इतकी अरुंद होती की पुरुषांवरील अत्याचार तीत आलेच नाहीत. ती बदलल्याची घोषणा व्हायला २०१२ साल उजाडले. ऐंशीहून अधिक वर्षे एका देशाने 'गुन्हेगारी' म्हणून जे पाहिले, त्याची चौकट पोलीसप्रमुखांच्या एका समितीने आखली होती.

आपल्याकडेही राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा अहवाल आला की 'महाराष्ट्रात गुन्हे वाढले' असे मथळे झळकतात. तो अहवालही एका प्रकरणातला मुख्य गुन्हाच धरतो. शिवाय जे पोलीस ठाणे प्रत्येक तक्रारीवर गुन्हा दाखल करते त्याचे आकडे फुगतात, आणि जे एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून तक्रारदाराला वाटेला लावते ते कागदावर शांत दिसते.

माझा आक्षेप यापुढचा आहे. गुन्हेगाराची बोटे आणि मापे इतक्या बारकाईने नोंदवणाऱ्या या व्यवसायाने स्वतःच्या हातून झालेले मृत्यू त्या निष्ठेने कधी मोजले नाहीत. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या फर्ग्युसन शहरात मायकेल ब्राउन हा तरुण पोलिसाच्या गोळीने मारला गेला. त्यानंतर वॉशिंग्टन पोस्ट आणि गार्डियन यांनी स्वतःच अशा मृत्यूंची मोजणी सुरू केली, तेव्हा सरकारी आकडा खऱ्याच्या निम्म्याहूनही कमी असल्याचे उघड झाले. एफबीआयचे तत्कालीन संचालक जेम्स कोमी यांनीच ही लाजिरवाणी गोष्ट असल्याचे मान्य केले.

२०१६ मध्ये संघटनेचे अध्यक्ष टेरेन्स कनिंगहॅम यांनी, कृष्णवर्णीय आणि इतर गौरेतर समाजांना पूर्वी मिळालेल्या वागणुकीत पोलिसांचा जो वाटा होता, त्याबद्दल सॅन डिएगोच्या अधिवेशनात जाहीर माफी मागितली. ती मागायला धैर्य लागले, हे मी मानतो. पण हिशेब माफीने पुरा होत नाही. २०१९ मध्ये एफबीआयने पोलिसी बळाच्या वापराची राष्ट्रीय नोंद सुरू केली, तीही ऐच्छिक. देशात हजारो स्वतंत्र पोलीस दले आहेत, सक्ती कशी करणार, असे त्यावर सांगितले जाते. १९३० मध्येही सक्ती नव्हती. तरी त्या जानेवारीत ४३ राज्यांतल्या ४०० शहरांनी आकडे पाठवले, कारण त्यांच्या प्रमुखांच्या संघटनेला ते हवे होते.