साक्षीचा भार कोणी वाहावा?

सामूहिक अत्याचारातून वाचलेल्या माणसांवरचा अनुबोधपट पाहताना प्रेक्षकाच्या मनात जी करुणा दाटून येते ती नैतिक प्रतिसादाची सुरुवात असायला हवी, परंतु बहुधा तिथेच तो प्रतिसाद संपतो, कारण डोळे ओले झाले की कर्तव्य पार पडल्याचे समाधान मनाला फार स्वस्तात मिळते. आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ (2011) हा तीन तासांहून अधिक लांबीचा अनुबोधपट हे समाधान मिळू देत नाही.

11 जुलै 1997 रोजी सकाळी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला, संतप्त रहिवासी रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात 10 जणांचा बळी गेला. पटवर्धनांच्या ‘हमारा शहर’ या आधीच्या अनुबोधपटात गायलेले शाहीर विलास घोगरे यांनी त्यानंतर चार दिवसांनी आत्महत्या केली, आणि त्या धक्क्यातून सुरू झालेले ‘जय भीम कॉम्रेड’चे चित्रण 14 वर्षे चालले. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, असा पोलिसांचा बचाव होता व त्यासाठी चित्रफीतही पुढे करण्यात आली. टँकर आणि गोळीबाराची जागा यांत बरेच अंतर होते, हे मात्र रहिवाशांनाच पटवून देत राहावे लागले. न्या. गुंडेवार यांच्या चौकशी आयोगाने, म्हणजे निष्कर्ष काढू शकणाऱ्या पण शिक्षा देऊ न शकणाऱ्या यंत्रणेने, हा गोळीबार असमर्थनीय ठरवला. ज्याचे माणूस मारले गेले त्यानेच ते निरपराध असल्याचे सिद्ध करावे, ही अपेक्षा म्हणजे त्या अत्याचाराचाच पुढचा भाग होय.

मुंबईतली म्हणून ही घटना सिंधुदुर्गाला दूरची वाटण्याचे कारण नाही. ज्यांच्या नावाने ही वस्ती वसली त्या डॉ. आंबेडकरांच्या पत्नी रमाबाई कोकणातल्याच, दापोलीजवळच्या वणंदच्या, आणि त्यांचे वडील दाभोळ बंदरात मासळीच्या टोपल्या वाहून पोट भरत असत. चाकरमान्यांच्या मनिऑर्डरींवर ज्या किनाऱ्याने घरे शाकारली, त्यानेच मुंबईचा पैसा आपला आणि तिथल्या झोपडीतले मरण परके असा हिशेब ठेवला असेल, तर तो हिशेब तपासलाच पाहिजे.

या प्रकरणात न्यायाचे पाऊलही अडखळलेच. गोळीबाराचा आदेश देणाऱ्या उपनिरीक्षकाला 2009 मध्ये सत्र न्यायालयाने जन्मठेप सुनावली. पुढे उच्च न्यायालयाने शिक्षा स्थगित करून जामीन दिला.

चतुर्थीला चाकरमानी गावी येतात, तेव्हा मालवण, वेंगुर्ले, देवगडच्या ग्रंथालयांनी हा अनुबोधपट अवश्य दाखवावा. नंतरच्या चर्चेत मात्र गावातल्या दलित वाडीतील कोणाला अनुभव सांगण्यासाठी उभे करू नये. इतरांनीच आपापल्या गावच्या विहिरी आणि देवळे कोणाला किती काळ बंद होती, हे आधी उठून सांगावे.