आजारी पडायची ताकद

आमच्या खांबला आजारी पडायचे, तर आधी प्रकृती ठणठणीत लागते. साधा ताप-खोकला असला तर प्रश्न नाही. पण एकदा डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘स्पेशालिस्टला दाखवा’ असे खरडले, की औषध राहते बाजूला आणि एस.टी.चे वेळापत्रक हातात येते. आधी रोहा, मग अलिबागचे जिल्हा रुग्णालय, आणि तिथून ‘मुंबईला न्या’. मुंबई शंभरावर किलोमीटर. शिवाय 2011 साली ज्याचे चौपदरीकरण सुरू झाले तो आमचा महामार्ग! हाडे दाखवायला निघालेल्या माणसाची निम्मी तपासणी तो वाटेतच उरकतो.

शेजारच्या तात्यांना मुंबईत सकाळी नऊची वेळ मिळाली. तात्या पहाटे तीनला उठले. सोबत मुलगा, त्याचा रोज बुडाला. नंबर लागला दुपारी दोनला, आणि डॉक्टरांनी पाहिले चार मिनिटे.

‘‘काय म्हणाले हो?’’ मी विचारले.

‘‘म्हणाले, एवढा प्रवास झेपतोय ना? मग हृदय उत्तम आहे!’’

पुढची तारीख लावणीच्या दिवसांत आली. तात्या गेले नाहीत. ‘‘मला काय धाड भरलीय!’’ म्हणाले. त्यांच्या केसपेपरवर ‘गैरहजर’ एवढेच लिहिले गेले असेल. लावणी, भाडे, बुडालेला रोज, यांना केसपेपरवर रकाना नसतो.

आता प्रामाणिकपणे सांगायचे तर, उद्या कुणी म्हणाले, ‘या, तुमच्या हृदयाचे ऑपरेशन खांबलाच करून देतो,’ तर मी मागच्या दाराने पळेन. वर्षातून एकदा चालणाऱ्या सुरीखाली कोण झोपणार? मोठे यंत्र, मोठा हात एका जागी असावेत हे कबूल. पण चार मिनिटे कागद पाहायलाही तात्यांनीच जायचे? सगळे एका जागी आणले की खर्च वाचतो म्हणतात. वाचतो कसला! तो इस्पितळाच्या वहीतून निघून तात्यांच्या खिशात शिरतो. विंचवाचे बिऱ्हाड निदान त्याच्या स्वतःच्या पाठीवर असते. इथे इस्पितळाचे बिऱ्हाड रोग्याच्या पाठीवर!

विंचवावरून आठवले. आमच्याच जिल्ह्यात, महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात 1976 साली डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. लाल विंचू चावला की माणसे हृदय निकामी होऊन जात. त्यांनी उशाशी बसून रोगी पाहिले, रक्तदाबाचे प्राझोसिन वापरून माणसे वाचवली आणि ते लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये छापून आणले. ‘मुंबईला न्या’ एवढेच लिहून ते मोकळे झाले असते, तर रोगी वाटेतच गेला असता आणि मुंबईलाही काही कळले नसते. शहाणपण नेहमी मुंबईहून खांबकडेच वाहते असे नाही. कधी उलटेही चढते.

पण म्हणून प्रत्येक केंद्रात एकेक बावस्कर बसेल या भरवशावर कारभार चालत नाही. भोर समितीने 1946 सालीच दवाखाना लोकांच्या जवळ हवा असे सांगितले. आज डोंगराळ भागात वीस हजार वस्तीला एक केंद्र असा हिशेबही आहे. हिशेबात माणसे मोजलीत. त्यांची पायपीट मोजायची राहिली.

हल्ली ‘ई-संजीवनी’वर डॉक्टर पडद्यावर भेटतात. हे मला आवडते. तात्यांचे म्हणणे एकच: नाडी बघायला हात पडद्यातून बाहेर यायला हवा. तोवर पडद्यावरच्या डॉक्टरांनी नऊची वेळ दिली, तर त्यांनाही दोनपर्यंत ताटकळत ठेवून पाहावे म्हणतात.