सोंग आणि ढोंग



गेल्या गुड फ्रायडेला आपल्या मुलांनी प्रभूच्या दुःखसहनाचे नाटक केले. यूदासचे काम करणाऱ्या मुलाने ते इतके चांगले वठवले की ईस्टर उलटून गेला तरी पोरे त्याला त्याच नावाने हाका मारत होती. शेवटी त्याची आई माझ्याकडे आली. म्हणाली, "फादर, पुढच्या वर्षी त्याला निदान शिपाई तरी करा." मी हसलो. ती हसली नाही.

प्रभू येशूने परूश्यांना ढोंगी म्हटले हे आपण अनेकदा ऐकतो. शुभवर्तमानातील तो मूळ ग्रीक शब्द म्हणजे रंगभूमीवरचा नट. चारचौघांत, रस्त्याच्या कोपऱ्यावर उभे राहून प्रार्थना करणाऱ्याला प्रभू एका अर्थाने 'नट' म्हणतो. आरंभीच्या शतकांत तर आपला धंदा सोडल्याशिवाय नटाला बाप्तिस्मा मिळत नसे. मग अभिनय म्हणजे खोटे बोलणेच का?

मला वाटते, या बाबतीत आपली मराठी अधिक नेमकी आहे. तिच्याकडे दोन शब्द आहेत, सोंग आणि ढोंग. जत्रेत सोंग घेऊन येणारा रावण नाही हे त्याला ठाऊक असते आणि पाहणाऱ्यालाही. तिथे कुणीच फसत नाही. ढोंगात मात्र एकट्यालाच ठाऊक असते.

हे लिहिताना स्मिता पाटील आठवते. ती आपल्या खानदेशची लेक. जन्म पुण्याचा, १७ ऑक्टोबर १९५५ चा, पण वडील शिवाजीराव पाटील शिरपूरचे, स्वातंत्र्यसैनिक आणि पुढे राज्यात मंत्री. १९७२ साली मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले आणि त्यानंतर थोड्याच काळात ती तेथे मराठी बातम्या वाचू लागली. जीन्सवरच साडी गुंडाळून ती कॅमेऱ्यासमोर बसे, असे सांगतात. (ही गोष्ट आमच्या युवकांना फार आवडते.) तिथूनच श्याम बेनेगल यांनी तिला हेरले. 'मंथन', 'भूमिका', 'जैत रे जैत', 'चक्र', 'उंबरठा' हे चित्रपट तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांनी पाहिले असतील. 'भूमिका' आणि 'चक्र' या चित्रपटांसाठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १९८५ मध्ये पद्मश्री. १३ डिसेंबर १९८६ रोजी, बाळंत होऊन जेमतेम दोन आठवडे झालेले असताना, ती गेली. वय अवघे ३१.

तिचे नाव काढले की कुणीतरी हमखास म्हणते, "फादर, पण तिने काय केले ते ठाऊक आहे ना?" ठाऊक आहे. १९८२ च्या 'उंबरठा'मध्ये तिने नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आल्याचे कळताच घर सोडणारी सुलभा केली. त्याच वर्षीच्या 'अर्थ'मध्ये ती स्वतःच दुसरी बाई झाली. आणि पुढे खऱ्या आयुष्यात तिने ज्यांच्याशी संसार मांडला ते राज बब्बर विवाहित होते, त्यांना मुले होती. विवाहाविषयी ख्रिस्तसभा जे शिकवते ते मी इथे सैल करणार नाही. त्या दुसऱ्या घराचे दुःख खरेच होते. पण म्हणून सुलभा खोटी ठरते का? स्मिताने सुलभेचे सोंग आणले होते, आपण सुलभा आहोत असा दावा केला नव्हता. आपणच पडद्यावरच्या बाईचा हिशेब घरातल्या बाईकडे मागतो. यूदासचे काम करणाऱ्या पोराचे जे झाले तेच हे, फक्त उलट्या दिशेने.

गुरुविद्यालयात तत्त्वज्ञान शिकताना एक गोष्ट मला मोठी गमतीची वाटली होती. पवित्र त्रैक्यातील तीन 'व्यक्तीं'साठी लॅटिन ख्रिस्तसभेने जो शब्द घेतला तो आहे पेर्सोना, म्हणजे नटाचा मुखवटा. आणि आपण मराठीत म्हणतो व्यक्ती, म्हणजे जे व्यक्त झाले ते. एक शब्द झाकण्यातून आला, दुसरा उघड होण्यातून. संत पोप जॉन पॉल दुसरे तरुणपणी नट होते. १९४१ साली, पोलंड नाझींच्या ताब्यात असताना, त्यांची मंडळी क्राकाव शहरात लोकांच्या घरी लपूनछपून नाटके करीत. पुढे तत्त्वज्ञ झाल्यावर त्यांनी मांडले की माणूस त्याच्या कृतीतून प्रकट होतो. रंगमंच आतून पाहिलेल्या माणसाने हे म्हणावे, याला वजन आहे.

पण खरा प्रश्न नटाचा नाहीच, खुर्चीवर बसलेल्यांचा आहे. तो संत ऑगस्टीन यांनी विचारून ठेवला आहे. तरुणपणी कार्थेजमध्ये त्यांना नाटकांचे वेड होते. पुढे आपल्या 'कबुलीजबाबा'त ते स्वतःलाच विचारतात, रंगमंचावरचे दुःख पाहून मी रडलो ती कसली दया? तिथे मदतीला धावायचे नव्हते, फक्त रडायचे होते. आणि रडण्यात मला सुख वाटत होते.

हे वाचून मी चपापतो, कारण मला एक शनिवार आठवतो. काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना, रात्री टीव्हीवर 'उंबरठा' लागला होता. शेवटाकडे सुलभा परत येते आणि तिच्या घरात तिला जागा उरलेली नसते, तिथे माझे डोळे भरून आले. त्याच संध्याकाळी एक बाई बंगल्यावर येऊन गेली होती. नवऱ्याने घराबाहेर काढले होते, कडेवर मूल होते. सिस्टरांच्या वसतिगृहात काही काम मिळेल का, चिठ्ठी द्याल का, एवढेच विचारत होती. मला रविवारचे प्रवचन तयार करायचे होते. मी म्हणालो, "उद्या मिस्सानंतर या." चित्रपट पाहताना ती मला एकदाही आठवली नाही.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. मंगळवारी मी चौकशी केली तेव्हा कळले, ती चोपड्याला भावाकडे गेली. पुढच्या आठवड्यात मी चिठ्ठी घेऊन एसटीने तिकडे गेलो. भावजयीने चहा दिला, चिठ्ठी ठेवून घेतली. ती आतल्या खोलीत होती, मुलाचा आवाज येत होता. बाहेर काही आली नाही.

तुमचा,
फादर