कुणाच्या परवानगीने?

डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर बॉम्ब पडले आणि पुढच्याच महिन्यात अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्याच्या शिक्षण मंडळाने ठराव केला: शाळेतल्या प्रत्येक मुलाने झेंड्याला वंदन करून निष्ठेची शपथ म्हटलीच पाहिजे. चार्ल्स्टनजवळच्या एका प्राथमिक शाळेत दोन बहिणींनी नकार दिला. त्या यहोवाज विटनेसेस पंथाच्या घरातल्या. देवाखेरीज कशालाही वंदन करायचं नाही, ही त्यांची श्रद्धा. वंदनाची त्या वेळची पद्धत म्हणजे उजवा हात सरळ पुढे ताणायचा, तळवा वर. हे हिटलरच्या सलामीसारखं दिसतं, अशी कुरकुर पालक-शिक्षक संघटनांनीही केली होती. तरी बहिणींना शाळेतून काढलं. परत यायचं तर आधी वंदन करा. आणि शाळेत नाही म्हणजे बेकायदा गैरहजर, त्यासाठी आईवडिलांना दंड किंवा तुरुंगवासही होऊ शकत होता.

त्यांची बाजू कायद्याने आधीच हरलेली होती. १९४० मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या अशाच मुलांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी शाळेची बाजू उचलून धरली होती. त्या निकालानंतर ठिकठिकाणी जमावांनी या पंथाच्या लोकांना मारहाण केली. मेन राज्यातल्या केनेबंक गावी त्यांचं प्रार्थनागृह जाळलं. आणि तरीही, युद्ध ऐन भरात असताना, १४ जून १९४३ रोजी, नेमक्या ध्वजदिनी, त्याच न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी आपला निकाल फिरवला. न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी लिहिलेल्या निकालाचा आशय असा, की नागरिकाने काय मानावं हे ठरवण्याचा आणि ते त्याच्या तोंडून वदवून घेण्याचा अधिकार कुठल्याही लहानमोठ्या अधिकाऱ्याला नाही. सैनिक त्याच झेंड्याखाली मरत असताना एका देशाने शाळकरी पोरींना ‘नाही’ म्हणायची मुभा दिली. अमेरिकेबद्दल मला मनापासून आदर वाटतो तो इथे. बहुसंख्यांना काय करता येतं यावरून स्वातंत्र्य कळत नाही. शेजारपाजाऱ्यांना, सरकारला, वर्तमानपत्रांना नकोसा झालेला माणूस तिथे कसा जगतो, हे पाहावं लागतं.

१९४० चा निकाल लिहिणारे आणि १९४३ मध्ये त्याच मतावर ठाम राहून विरोधी निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती म्हणजे फेलिक्स फ्रँकफर्टर. ते स्वतः ज्यू होते, छळ म्हणजे काय हे त्यांना ठाऊक होतं. पण लोकनियुक्त सत्तेचे निर्णय न्यायाधीशांनी उठसूट फिरवू नयेत, अशी त्यांची धारणा होती. आपल्या संविधान सभेचे सल्लागार बेनेगल नरसिंग राव अमेरिकेला गेले तेव्हा याच फ्रँकफर्टरांना भेटले. अमेरिकी संविधानातलं ‘ड्यू प्रोसेस’ हे तत्त्व न्यायाधीशांच्या हाती फार सत्ता देतं, असा इशारा त्यांना मिळाला. व्यक्तिस्वातंत्र्याची हमी देणाऱ्या आपल्या अनुच्छेद २१ मध्ये ते तत्त्व आलं नाही. ‘कायद्याने घालून दिलेली कार्यपद्धती’ अशी तुलनेने सैल शब्दरचना आली. कायदा केलेला असला की झालं, तो न्याय्य आहे का हे विचारायची सोय राहिली नाही. प्रतिबंधक स्थानबद्धतेत माणसं त्या शब्दांच्या आधारे अडकून पडली. १९७८ च्या मनेका गांधी खटल्यात न्यायालयाने कार्यपद्धती न्याय्य, उचित आणि वाजवी असली पाहिजे असं ठरवलं, तोवर आणीबाणी येऊन गेली होती. तिकडे बाजूला पडलेलं मत इकडे अठ्ठावीस वर्षं राज्य करत होतं, हे मला अजूनही बोचतं.

सुदैवाने त्या दोन बहिणींचा निकालही इकडे आला. १९८५ मध्ये केरळात याच पंथातल्या तीन भावंडांना शाळेतून काढलं. राष्ट्रगीत सुरू झालं की ती मुलं अदबीने उभी राहत, फक्त गात नसत. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी अमेरिकेतले दोन्ही निकाल समोर ठेवून मुलांच्या बाजूने कौल दिला. आपल्याकडे असा निकाल झालेला आहे, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत असतं?

अमेरिकेचा हा मार्ग सगळ्यांनी जसाच्या तसा घ्यावा असं मात्र म्हणवत नाही. १९७७ मध्ये शिकागोजवळच्या स्कोकी गावात अमेरिकी नाझींनी स्वस्तिकाचे झेंडे घेऊन मोर्चा काढायचं ठरवलं. छळछावण्यांतून वाचलेले अनेक ज्यू त्या गावात राहत होते. नाझींच्या बाजूने न्यायालयात उभी राहिली ती अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन. तिचे तेव्हाचे प्रमुख आर्येह नेयर यांचा जन्म बर्लिनचा, नाझींमुळे देशोधडीला लागलेल्या ज्यू घराण्यातला. हजारो सभासद संघटना सोडून गेले, तरी ती हटली नाही. न्यायालयांनी परवानगी दिली. मोर्चा शेवटी स्कोकीत निघालाच नाही, नाझी शिकागोत जमले. जर्मनीत मात्र तेच चिन्ह मिरवणं गुन्हा आहे, ज्यूंचा संहार झालाच नाही असं जाहीरपणे म्हणणंही गुन्हा आहे. ज्या देशाने ते विष स्वतः पचवून पाहिलं, त्याला हा कायदा करायचा हक्क नाही, असं कोण म्हणेल? जर्मन माणूस त्यामुळे कमी स्वतंत्र झाला, असं मला वाटत नाही. पण भारतापुरतं विचाराल तर माझा कल अमेरिकेकडे आहे. भावना दुखावल्याची कलमं आपल्याकडे सलोखा राखण्यासाठी म्हणून आली आणि वापरली जातात ती बहुतेकदा ज्याच्यामागे जमाव आहे त्याच्याकडून. लेखक, नकलाकार, महाविद्यालयातला एखादा प्राध्यापक कोर्टाच्या फेऱ्या मारत राहतो. शिक्षा होवो न होवो, त्या फेऱ्या हीच शिक्षा.

पण सरकार हा भीतीचा एकच पत्ता झाला. कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ शिकून आलेल्या डॉ. आंबेडकरांनी १९३६ च्या ‘जातिभेद निर्मूलन’ या न झालेल्या भाषणात लिहिलं, की राजकीय जुलूम सामाजिक जुलमापुढे काहीच नाही, आणि सरकारला आव्हान देणाऱ्यापेक्षा समाजाला आव्हान देणारा सुधारक जास्त धैर्याचा. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसांना जे सुख जाणवतं, ते बहुतेक या सामाजिक जुलमातून सुटल्याचं असतं. भाड्याने घर घेताना आडनाव ऐकून कुणी घुटमळत नाही, स्वयंपाकघरात काय शिजणार हे विचारत नाही. घटस्फोट झालेली बाई एकटी राहते आणि इमारतीत कुजबुज होत नाही. साठी उलटलेल्या बाईंना कम्युनिटी कॉलेजात चित्रकलेला नाव घालता येतं, आणि शेजारच्या बाकावरचा विशीतला मुलगा त्यांच्या वयाबद्दल अवाक्षर काढत नाही. पंडिता रमाबाईंनी १८८६ ते १८८८ या काळात तो देश पाहिला आणि १८८९ मध्ये त्यावर मराठीत पुस्तक लिहिलं. तिथल्या बायकांच्या संघटना पाहून त्या भारावल्या, आणि काळ्या लोकांना व मूळ रहिवाशांना मिळणारी वागणूकही त्यांनी झाकून ठेवली नाही. एवढी मोकळी नजर आजच्या आपल्या प्रवासवर्णनांत क्वचित दिसते.

ती नजर अजून हवी आहे, कारण अमेरिकेतही भीतीने फक्त जागा बदललेली असते. अभिव्यक्तिस्वातंत्र्य देणारी अमेरिकी संविधानाची पहिली दुरुस्ती सरकारला बांधते, मालकाला नाही. खाजगी कंपनीतल्या माणसाला तिथे सहसा कधीही, कारण न देता काढता येतं, आणि बहुतेक नोकरदारांचा आरोग्य विमा त्या नोकरीलाच जोडलेला. घरात मधुमेहाचा किंवा कर्करोगाचा रुग्ण असेल तर नावडती नोकरी सोडण्याचं स्वातंत्र्य कागदावरच राहतं. एच-१बी व्हिसावरच्या आपल्या मुलांची स्थिती याहून अवघड. नोकरी गेली की साधारण साठ दिवसांत दुसरी शोधा, नाहीतर देश सोडा. कर्जावर घर, शाळेत रुळलेली मुलं, ग्रीन कार्डची रांग भारतात जन्मलेल्यांसाठी कित्येक वर्षांची. असा माणूस वरिष्ठाशी वाद घालत नाही, राजकारणावर उघड बोलत नाही, अंगणात निवडणुकीचा फलक लावत नाही. कर सगळे भरतो, पण ज्या मुभेचं कौतुक करतो ती स्वतः वापरायला कचरतो. त्याला दोष देण्याचं कारण नाही, फक्त त्याच्या बोलण्यातल्या अमेरिकेत ही भीतीही यायला हवी.

देश पुढारलेला, देश मागासलेला अशा मापाने हे मोजताच येत नाही. २०२२ च्या जूनमध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा जवळजवळ पन्नास वर्षांचा संविधानिक हक्क काढून घेतला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रियांनाही चोवीस आठवड्यांपर्यंतच्या गर्भपाताच्या तरतुदीचा लाभ दिला. लग्नाचंही तसंच. आपला विशेष विवाह कायदा १९५४ चा. धर्म न बदलता कुठल्याही धर्मा-जातीतल्या स्त्री-पुरुषांना एकमेकांशी लग्न करता येतं. चार वर्षांनी, १९५८ च्या जुलैमध्ये, व्हर्जिनियात रिचर्ड आणि मिल्ड्रेड लव्हिंग यांच्या झोपायच्या खोलीत पोलीस मध्यरात्री शिरले. तो गोरा, ती काळी, हा गुन्हा. विवाहाचं प्रमाणपत्र भिंतीवर टांगलेलं होतं. ते इथे चालत नाही, असं त्यांना सांगण्यात आलं. पंचवीस वर्षं एकत्र या राज्यात येणार नाही, या अटीवर त्यांची एक वर्षाची शिक्षा तहकूब झाली. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे कायदे रद्द केले तेव्हा ते सोळा राज्यांत शिल्लक होते.

तेव्हा आपण तेरा वर्षं पुढे होतो. आज? अमेरिकेत काऊंटीच्या कार्यालयातून परवाना घेतला की बहुतेक राज्यांत त्याच दिवशी किंवा फार तर तीन दिवसांनी लग्न लागतं. आपल्याकडे त्याच १९५४ च्या कायद्याखाली तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. ती विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात ठळक जागी चिकटवली जाते, आणि कायम राहण्याचं ठिकाण दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर तिथल्या कार्यालयातही. नाव, वय, पत्ता सगळं. हरकत कुणीही घेऊ शकतो. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलीने आपला जोडीदार निवडला, तर सरकारच त्याची वर्दी तिच्या गावाकडच्या जिल्ह्यात पोचवतं. पुढचं काम भाऊबंद करतात. सरकार आणि समाज या भीतीच्या दोन्ही वाटा त्या नोटिशीपाशी एकत्र येतात. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये ही नोटीस प्रसिद्ध करणं जोडप्याच्या इच्छेवर सोडलं. पण कायद्यातला मजकूर आहे तसाच आहे.

अमेरिकेतल्या मोकळेपणाचं कौतुक करणारी मंडळी आपल्याकडे घरोघरी आहेत. कुणाचा मुलगा तिथे, कुणाची भाची. त्यांना माझी विनंती एवढीच आहे, की आपल्या खासदाराला एक पत्र लिहावं: ही नोटीस आणि तिच्यावरच्या हरकतीची तरतूद कायद्यातून काढून टाका. आणि स्वतःच्या घरात असं लग्न ठरलं, तर हरकत घेणाऱ्यांत आपण नसू, एवढं आजच ठरवावं.