मुलांस सांगण्याजोगे सत्य

लहान मुलांशी खोटे बोलू नये हे तत्त्व ज्यास मान्य नाही असा गृहस्थ शोधूनही सापडावयाचा नाही; आणि ते ज्याने जन्मभर अक्षरशः पाळले आहे असाही गृहस्थ तितकाच दुर्मिळ. परंतु प्रस्तुत लेखात आम्हांस खोटे बोलण्याविषयी लिहावयाचे नाही. ज्यातील एकही वाक्य खोटे नाही, आणि तरीही जे वाचून मुलाच्या मनात उभे राहणारे चित्र खरे नव्हे, अशा लेखनाविषयी काय म्हणावे, हा आमचा प्रश्न आहे. तो आम्हांस आपण होऊन सुचला असता असे वाटत नाही. एका नऊ वर्षांच्या मुलीने तो आमच्यापुढे टाकला.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही अमेरिकेत न्यू जर्सी येथे आमच्या भाचीकडे दोन महिने होतो. तिची मुलगी दर शनिवारी गावच्या सार्वजनिक ग्रंथालयातून पुस्तकांची चळत उचलून आणी. तिकडे मुलांसाठी माहितीपर पुस्तकांच्या मालाच्या माला निघतात. एक देशाच्या इतिहासाची, दुसरी पन्नास राज्यांची, राज्यागणिक एक पुस्तक, तिसरी वन्य प्राण्यांची. पाने पन्नास-साठ, अक्षर ठसठशीत, चित्रे पाहत राहावीत अशी, शेवटी कठीण शब्दांचे अर्थ व सूची. मुलीच्या कानांवरून मराठी जावे म्हणून रात्री त्यांतले एखादे पुस्तक आम्ही तिला मराठीत सांगावे, असे भाचीने ठरवून दिले होते. एके रात्री वॉशिंग्टनचे चरित्र चालले होते. माउंट व्हर्नन येथील त्याच्या वाड्याचे वर्णन संपले. पुढच्या पानावर त्या वाड्यात व शेतांवर राबणाऱ्या गुलामांचा मजकूर होता. आम्ही ते पान हलकेच उलटले आणि त्यापुढील पानापासून सांगू लागलो.

"आजोबा, तुम्ही एक पान सोडलंत," ती म्हणाली.

"झोपायची वेळ झाली आहे."

"मग गोष्ट थांबवायची. पान का सोडलं?"

नीतिशास्त्र शिकविण्यात ज्याची तीस वर्षे गेली त्यास ह्या प्रश्नाचे उत्तर देता येऊ नये ही नामुष्कीची गोष्ट खरी. पण देता आले नाही. ते पान तिने दुपारीच वाचलेले होते. तिच्यापासून लपविण्यासारखे तेथे काही उरले नव्हते.

आमच्या कृतीचे समर्थन करणारे पुष्कळ निघतील, हे आम्हांस ठाऊक आहे. त्यांचे म्हणणे असे की, मुलाने आधी आपल्या देशावर व पूर्वजांवर प्रेम करावयास शिकावे, दोषांची झडती घ्यावयास पुढे उभे आयुष्य आहे. ह्या मताची परंपरा अमेरिकेत जुनी आहे. मेसन वीम्स नावाच्या पाद्र्याने वॉशिंग्टनचे चरित्र त्याच्या मृत्यूनंतर लगोलग, १८०० साली, छापले. आणि १८०६ च्या आवृत्तीत चेरीच्या झाडाची ती गोष्ट घातली. लहानग्या जॉर्जने कुऱ्हाडीने बापाचे झाड घायाळ केले आणि विचारताच आपला अपराध कबूल केला, ही कथा आमच्या पिढीतील इंग्रजी शाळांच्या विद्यार्थ्यांसही ठाऊक असे. तिला विश्वसनीय आधार कोणताही नाही. मुलांस सत्याचे महत्त्व पटविण्यासाठी एक कल्पित गोष्ट खरी म्हणून दोनशे वर्षे सांगितली गेली, आणि ह्यातील विसंगती सांगणारांस फारशी जाणवली नाही.

त्यामानाने पुढे बरीच सुधारणा झाली. १९५० साली न्यूयॉर्कच्या रँडम हाउस ह्या प्रकाशनसंस्थेने 'लँडमार्क' ही माला काढली. बेनेट सर्फ ह्या चालकाची कल्पना अशी की, मुलांची पुस्तके भाडोत्री लेखकूंकडून न लिहविता नामांकित ग्रंथकारांकडून लिहवावीत. वीस वर्षांत तिची दीडशेहून अधिक पुस्तके निघाली आणि अमेरिकेतील एका पिढीस इतिहासाची गोडी तिने लावली. ह्या उपकाराचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. पण मालेच्या पहिल्या दहा पुस्तकांचे विषय पाहिले की तिची दृष्टी ध्यानात येते: कोलंबसाचा प्रवास, पिल्ग्रिमांचे आगमन, स्वातंत्र्य व राज्यघटना, कॅलिफोर्नियातील सोने, खंड ओलांडणारा लोहमार्ग, राइट बंधू. एकूण सारी चढती कमान. ह्यातले प्रत्येक घडलेले आहे.

त्या लोहमार्गाचेच घ्या. १० मे १८६९ रोजी यूटा प्रांतात प्रॉमंटरी येथे पूर्वेकडून व पश्चिमेकडून आलेले रूळ जोडले गेले. त्या प्रसंगाचे छायाचित्र मुलांच्या कितीतरी पुस्तकांत छापलेले असते. दोन इंजिने समोरासमोर उभी, मधोमध हस्तांदोलन, सभोवार आनंदी मजुरांची गर्दी. पश्चिमेकडील कंपनीचे बहुसंख्य मजूर चिनी होते. ऐन भरात त्यांची संख्या दहा हजारांवर गेली होती. सिएरा पर्वतातील कातळ त्यांनी फोडला, आणि जून १८६७ मध्ये गोऱ्यांइतके वेतन मिळावे म्हणून संपही केला. कंपनीने त्यांचे धान्य तोडून तो मोडला. त्या छायाचित्रात चिनी चेहरा जवळजवळ दिसतच नाही. छायाचित्राने असत्य भाषण केले असे कोण म्हणेल?

येथे वाचक विचारतील की, मग मुलास सगळेच सांगावयाचे काय? नाही. पहिलीतील मुलास तिनातून पाच वजा होत नाहीत असे गुरुजी सांगतात, आणि पुढे काही वर्षांनी ऋणसंख्या शिकवितात. तेव्हा गुरुजींनी आपणांस फसविले असे एकाही मुलास वाटत नाही. कारण ते न सांगण्यात गुरुजींचा काही लाभ नव्हता. मुलाची झेप पाहून त्यांनी तो भाग पुढे ढकलला, इतकेच. गाळलेला मजकूर ऐकणाराच्या शक्तीसाठी गाळला की सांगणाराच्या सोयीसाठी, एवढे पाहिले म्हणजे बहुतेक ठिकाणी निवाडा होतो असे आम्हांस वाटते. आम्ही पान उलटले ते मुलीची झोप उडेल म्हणून नव्हे. 'मालकीची माणसे' हे शब्द तिच्यासमोर उच्चारावयाचे आणि तिच्या पुढच्या प्रश्नास तोंड द्यावयाचे, ह्याचा आम्हांस संकोच झाला.

२०१६ च्या जानेवारीत घडलेला एक प्रकार ह्या संदर्भात ध्यानात घेण्याजोगा आहे. स्कोलॅस्टिक ह्या मोठ्या प्रकाशनसंस्थेने 'अ बर्थडे केक फॉर जॉर्ज वॉशिंग्टन' नावाचे बालकांचे चित्रपुस्तक प्रसिद्ध केले आणि लोकक्षोभ होताच काही दिवसांतच ते परत घेतले. वॉशिंग्टनचा आचारी हर्क्युलिस आणि त्याची मुलगी अध्यक्षांच्या वाढदिवसासाठी केक करीत आहेत, साखर संपलेली आहे, अशी ती हसतीखेळती गोष्ट. हर्क्युलिस हा खरोखर होऊन गेला. त्याच्या पाककौशल्याची ख्यातीही खरी. तो गुलाम होता आणि पुढे पळून गेला, ही माहिती पुस्तकाच्या अखेरीस टिपणात, म्हणजे थोरांनी वाचावयाच्या जागी, दिलेली होती. त्याने पळून जाण्यास जो दिवस निवडला तो २२ फेब्रुवारी १७९७, वॉशिंग्टनचा पासष्टावा वाढदिवस! पुढे एप्रिलमध्ये फ्रान्सचा राजपुत्र लुई फिलिप, जो १८३० साली राजा झाला, माउंट व्हर्नन येथे गेला होता. त्याच्या सेवकाने हर्क्युलिसच्या सहा वर्षांच्या मुलीस विचारले की, बाप पुन्हा दिसणार नाही ह्याचे तुला दुःख होत असेल. ती म्हणाली की, मला फार आनंद झाला आहे, कारण ते आता मुक्त आहेत. हे लुई फिलिपने आपल्या रोजनिशीत नोंदविले आहे. सहा वर्षांच्या मुलांस ज्या गोष्टी कळणार नाहीत असे आपण मानतो, त्यांतील एक तेथे सहा वर्षांच्या मुलीनेच सांगितली होती.

ह्या मालांची दुसरी एक गोम आम्हांस तिकडेच कळली, आणि ती अधिक सूक्ष्म आहे. प्राण्यांच्या पुस्तकात गव्यासारख्या त्या अमेरिकन बायसनची हकीकत होती: एके काळी कोट्यवधी होते, शिकाऱ्यांनी मारून मारून १८८९ च्या सुमारास ते हजाराच्या आसपास उरले, मग सज्जनांनी रक्षण केले, आणि २०१६ साली तो राष्ट्रीय सस्तन प्राणी ठरला. इतिहासाच्या पुस्तकात मैदानी प्रदेशातील लाकोटा लोकांचा पराभव होता. साउथ डकोटाच्या पुस्तकात ब्लॅक हिल्स डोंगरातील माउंट रशमोरची प्रचंड शिल्पे होती, १९२७ ते १९४१ ह्या काळात खोदलेली. तिन्ही पुस्तके अचूक. पण लाकोटांचे अन्न, वस्त्र व तंबू ज्या जनावरावर चालत तेच संपल्यावर ते लोक शरण आले. ते डोंगर १८६८ च्या तहाने त्यांस दिलेले होते, १८७४ साली तेथे सोने सापडले, १८७७ साली ते काढून घेतले गेले. आणि १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविलेली भरपाई लाकोटांनी आजवर उचललेली नाही, त्यांस डोंगर हवेत, ही साखळी कोणत्या पुस्तकात शोधावी? प्राणी एका फळीवर, माणसे दुसऱ्या, प्रदेश तिसऱ्या. चेरोकी लोकांचेही तसेच. जॉर्जियाच्या पुस्तकातून ते १८३८ साली निघून जातात, ओक्लाहोमाच्या पुस्तकात येऊन पोचतात, आणि वाटेत जी सुमारे चार हजार माणसे मेली ती दोन्ही पुठ्ठ्यांच्या मधल्या जागेत राहतात.

प्राण्यांच्या पुस्तकांत सत्याविषयी दक्षता मोठी. १९०३ साली जॉन बरोज ह्या वृद्ध निसर्गलेखकाने काल्पनिक प्राणिकथा खऱ्या म्हणून खपविणारांवर कडक टीका केली. विल्यम लाँग नावाच्या एका धर्मोपदेशकाने तर वुडकॉक पक्षी आपल्या मोडक्या पायास स्वतःच चिखलाचे लेपण करतो असे लिहिले होते. १९०७ साली अध्यक्ष थिओडोर रूझवेल्टही ह्या वादात उतरले, आणि शाळकरी मुलांस असले वाचावयास देणे म्हणजे त्यांची फसवणूक होय, असा त्यांचा आक्षेप होता. तेव्हापासून लांडग्याने हरिण फाडून खाल्ल्याचे मुलांस खुशाल सांगतात. अखेरचा प्रवासी पारवा १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेला, हेही न कचरता सांगतात. तेथे अपराधी कोण तर 'मनुष्य'. आणि मनुष्य म्हणजे विशेष असा कोणी नव्हे. इतिहासात मात्र अपराध्यास नाव असते, आणि ते कधी कधी रशमोरच्या खडकावर कोरलेले असते. रूझवेल्टांचाही चेहरा तेथे आहे.

उलट टोकाचा दोषही आम्ही पाहिला. काही नवीन पुस्तके पानोपानी अपराधांची यादी वाचतात, आणि मूल ती पाठ्यपुस्तकासारखी मिटते. ह्या लेखकांचाही रोख पुष्कळदा मुलाकडे नसतो. आपण निर्दोष आहो हे आपल्या बरोबरीच्या लोकांस दाखवावयाचे असते. २०२१ पासून तिकडील अनेक राज्यांच्या विधिमंडळांनी शाळांत वंशभेदाविषयी काय शिकवावे ह्यावर निर्बंध घालणारे कायदे केले आहेत. त्या वादात दोन्ही पक्ष मुलांच्या नावाने बोलतात.

जोतीराव फुले ह्यांनी 'गुलामगिरी' हे आपले पुस्तक १८७३ साली अमेरिकेतील सदाचारी लोकांस अर्पण केले, ते त्यांनी निग्रो गुलामांस मुक्त केले म्हणून. पुण्यात बसलेल्या ह्या पुरुषास त्या देशाविषयी जो आदर वाटला तो त्याचा कलंक ठाऊक असल्यामुळे वाटला. गुलामगिरीचे पान गाळले की ती मोडण्यासाठी ज्यांनी प्राण वेचले तेही त्या पानाबरोबर जातात. देशप्रेमासाठी पान उलटणारांनी ह्याचा हिशेब केलेला दिसत नाही.

दुसऱ्या रात्री आम्ही ते पान काढले. मजकूर थोडका होता; भर आम्ही घातली. १७९९ साली माउंट व्हर्नन येथे ३१७ गुलाम होते. त्यांपैकी १२३ वॉशिंग्टनच्या स्वतःच्या मालकीचे. त्यांस त्याने मृत्युपत्राने मुक्त केले, आणि त्याच्या पत्नीने १ जानेवारी १८०१ रोजी ते अमलात आणले. तिच्या पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीतील गुलामांस मुक्त करण्याचा अधिकार दोघांसही नव्हता. हर्क्युलिस पहिल्या यादीत, त्याची मुले दुसऱ्या. म्हणून पळालेला बाप कायद्याने मोकळा झाला आणि मुले वारसांच्या वाटणीस गेली.

"म्हणजे वॉशिंग्टन चांगला होता की वाईट?" तिने विचारले.

आम्ही सांगू लागलो. एका वाक्यात जमेना, दहांत जमेना. मध्ये तिने दोनदा आमची चूक काढली, आणि एकदा दिवा लावून पुस्तक पुन्हा उघडले. झोपायची वेळ केव्हाच टळून गेली होती, आणि त्याबद्दल भाचीची बोलणी दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हांस एकट्यास खावी लागली.